रशीदभाईंनी न पाहिलेली एक नोंद

रशीदभाई गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही. तीन महिन्यांपूर्वीची ती सकाळ. कंपनीच्या कामासाठी मी द्रोणागिरीच्या एका गोदामात गेलो होतो. फाटकाशेजारच्या खोलीतला कारकून माझे ओळखपत्र पाहून थबकला. "पनवेलचे, रशीदभाईंकडं शिकलेले ना तुमी? नी हितं काय करताव? रशीदभाई गेले पहाटं. दुपारी माती हाय, आमी निघालोच." एवढे बोलून त्याने संगणक शेजारच्याच्या स्वाधीन केला, खुंटीवरचा धुतलेला शर्ट काढला आणि माझ्यादेखत तो अंगात चढवू लागला. रशीदभाईंच्या मुलीचा, सनाचा निरोप माझ्या फोनवर त्यानंतर वीस मिनिटांनी आला. तीस वर्षांची ओळख माझी, आणि बातमी आधी पोचली ती या कारकुनाला... तेव्हा ते मनाला लागले. आज वाटते, तो क्रम बरोबरच होता.

पनवेलच्या कब्रस्तानात त्या दुपारी जमलेली माणसे पाहून मोहल्ल्यातले बुजुर्गही चकित झाले असावेत. नातेवाईक, शेजारी होतेच. पण त्यांच्या मागे, आपण नेमके कुठे उभे राहावे हे न कळून भिंतीलगत दाटीने थांबलेले तीसचाळीस लोक होते. एका शाळेचे निवृत्त मुख्य लिपिक, भातगिरणीचे मालक, बर्फाच्या कारखान्यातला फोरमन, जासईच्या कंटेनर यार्डातून गणवेशातच आलेले दोघे. फाटकाबाहेर झाडाखाली एका धर्मादाय इस्पितळातल्या शैला सिस्टर उभ्या होत्या. यांच्यातले बहुतेक जण एकमेकांना ओळखत नव्हते. मी मात्र सगळ्यांना ओळखत होतो, कारण त्यांच्याविषयी मी वाचले होते. रशीदभाईंनी लिहिलेल्या एका यादीतून उठून ही माणसे तिथे आली होती.

ती यादी म्हणजे त्यांच्या आयुष्याची शेवटची बारा वर्षे. फॉक्सप्रो ही संगणकाची एक जुनी भाषा. माहिती साठवावी, हवी तेव्हा शोधावी, कागदावर छापून घ्यावी, अशा सरळ कामांसाठी एकेकाळी गावोगावच्या मुलांनी ती शिकून घेतली. एसटी स्टँडजवळ, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत रशीदभाई ती शिकवत. मी त्यांच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे त्या भाषेच्या निर्मात्यांनीच तिचे काम थांबवले, नव्या भाषा आल्या, क्लास बंद पडला. रशीदभाई एका शिपिंग एजंटच्या कचेरीत नोकरीला लागले आणि मी नवी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत चढत गेलो.

यादीची सुरुवात माझ्यामुळे झाली, असे ते कौतुकाने सांगत. वस्तुस्थिती इतकी कौतुकाची नाही. पनवेलमधल्या एका सभागृहात व्यापाऱ्यांपुढे माझे व्याख्यान होते. जुन्या प्रणाली टाकून नव्या घ्या, असा त्याचा एकूण सूर. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, की फॉक्सप्रो ही भाषा आता मेलेली आहे. मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

"साहेब, एक शंका. मयत झाली म्हणता, तर कफन कोणी पाहिलं?"

सभागृह हसले. रशीदभाई उभे राहिले. "आज सकाळी जासईहून माझ्या मेव्हण्याचा कंटेनर सुटला. गेटपास फॉक्सप्रोतून छापून निघाला. मुडदा कधी पास छापतो का?"

मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. व्याख्यानानंतर जिन्यात त्यांनी मला गाठले. "सुहास, मी तुझी मस्करी केली, पण सवाल खरा आहे. ही भाषा आज कुठं कुठं काम करते, हे तुला माहीत आहे? मला तरी कुठं माहीत आहे? मग तू मेली म्हणतोस ते कशावरून आणि मी जिवंत म्हणतो ते तरी कशावरून?" पुढच्या रविवारी ते स्कूटरवरून जासईला गेले आणि परत येऊन त्यांनी पहिली नोंद लिहिली.

अशा कामाची मी एरवी कल्पना केली असती तर चार फोन, दहा ईमेल आणि एक तक्ता, एवढीच केली असती. रशीदभाईंची रीत वेगळी होती. ते प्रत्यक्ष जात. प्रोग्राम कोणते काम करतो, कोणत्या यंत्रावर चालतो, त्यापुढे कोण बसते, तो उद्या बंद पडला तर कोणाचे काय अडेल, तो कोणी लिहिला आणि लिहिणारा आज कुठे आहे, हे विचारून घेत. आणि एवढे झाल्यावरही लगेच लिहीत नसत. त्या प्रोग्रामने एक खरे काम, कोणाला तरी त्या क्षणी खरोखर हवे असलेले काम, डोळ्यांदेखत पार पाडल्यावरच ती नोंद यादीत जाई. एकदा मी त्यांच्याबरोबर बर्फाच्या कारखान्यात गेलो होतो. कोणत्या होडीला किती लाद्या जायच्या, हे तिथला प्रोग्राम ठरवी. संगणकाचा निळा पडदा दिसला, तसा मी म्हणालो, "रशीदभाई, चालू आहे ना? निघू या."

"पडदा चालू आहे रे. काम कुठं चालू आहे?"

आम्ही तिथे सव्वातीन तास बसलो. त्या दिवशी होड्या उशिरा लागल्या. फोरमन तीनदा चहा देऊन कंटाळला नि म्हणाला, "चाचा, खोटी खोटी चिठ्ठी काढून देऊ का एक? सेमच दिसते." रशीदभाई इतके मोठ्याने हसले, की बर्फ फोडणारे वळून पाहू लागले. "बेटा, खोटी चिठ्ठी मी घरी पण काढू शकतो. ती बघायला इथं कशाला थंडीत बसू?" शेवटी एक होडीवाला आला, चिठ्ठी छापून निघाली, लाद्या घसरत गाडीत गेल्या आणि रशीदभाईंनी वही उघडली. मी घड्याळाकडे पाहत होतो. ते त्या लाद्यांकडे, एखादे नवल पाहावे तसे पाहत होते.

लिहिणारा कुठे आहे, या प्रश्नाचा माग त्यांनी ज्या चिकाटीने काढला त्याला तर माझ्याकडे शब्द नाहीत. एक जण आखातात सुपरमार्केट चालवत होता. आपण पंचविशीत लिहिलेला प्रोग्राम अजून एका शाळेचे निकाल छापतो हे ऐकून त्याने आधी विचारले, निकालाची मांडणी अजून तीच आहे का. भातगिरणीतला प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ वारले होते. रशीदभाई उरणला त्यांच्या पत्नीचे घर शोधत गेले आणि त्या बाईंना गिरणीत घेऊन आले. कोणत्या शेतकऱ्याचे भात केव्हा कांडायचे त्याची पाळी छापली जात होती. बाई उभ्या उभ्या पाहत राहिल्या. मग त्यांनी एवढेच विचारले, "हा कागद मी नेला तर चालेल?" हे सगळे रशीदभाई एका साध्या संकेतस्थळावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवत. चित्रे नाहीत, रंग नाहीत. दूरदूरच्या देशांतून त्यांना पत्रे येत, कारण ही भाषा जगात आणखी कुठे कुठे तग धरून आहे याचे कुतूहल अनेकांना होते. पण होडीवाला येईपर्यंत बसून राहणारा माणूस कोणालाच दुसरीकडे आढळला नव्हता.

आता मला त्या नोंदीबद्दल लिहायचे आहे, जिच्यामुळे हा लेख मी इतके दिवस लांबवला.

तरुणपणी मीही फॉक्सप्रोत एक प्रोग्राम लिहिला होता, शैला सिस्टरांच्या इस्पितळासाठी. दुर्मीळ रक्तगटाचे दाते पनवेल-उरणच्या गावागावांत विखुरलेले असत. कोण कुठे राहतो, शेवटचे रक्त केव्हा दिले, त्याला बोलावण्यासाठी कोणाला निरोप द्यायचा, हे त्यात होते. वर्षातून चारपाच वेळाच तो लागे, पण लागे तेव्हा एखाद्याच्या जिवाशी गाठ असे. रशीदभाईंनी त्याची चौकशी केली तेव्हा माझी कंपनी त्याच इस्पितळाला नवी प्रणाली देऊ करत होती आणि जुनी व्यवस्था वापरात नसल्याचे प्रस्तावात मीच लिहिले होते. इतकी वर्षे विनातक्रार चालू आहे, अशी नोंद रशीदभाईंच्या यादीत आली असती तर तो प्रस्ताव लंगडा पडला असता. हे एक कारण. दुसरे अधिक लाजिरवाणे आहे. त्या जुन्या भाषेच्या यादीत, लिहिणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव दिसावे, हे मला माझ्या पदाला शोभणारे वाटत नव्हते.

"तो बंद झाला, रशीदभाई," मी सांगितले. "दोन वर्षं झाली. जाऊ नका, काही दिसणार नाही."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "ज्यानं लिहिला तोच सांगतोय, तर बघायचं काय?" बारा वर्षांत त्यांनी आपला नियम मोडला तो या एकदाच. माझ्यावरच्या विश्वासापायी. यादीत आले : वापर बंद.

पुढे इस्पितळाने आमची प्रणाली घेतली आणि तिथल्या खोल्यांची फेररचना झाली. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाचे काय करायचे, असा प्रश्न नव्या व्यवस्थापकांना पडला. शैला सिस्टर तेव्हा महिनाभर गावी होत्या. व्यवस्थापकांना रशीदभाईंची यादी ठाऊक होती, त्यांनी ती उघडून पाहिली, वर खात्रीसाठी फोनही केला, आणि रशीदभाईंनी माझ्या शब्दावर तेच उत्तर दिले. यंत्र पुसून भंगारात गेले. दात्यांची माहिती मी नव्या प्रणालीत उतरवून घेणार होतो. करू, करू म्हणत राहिलो होतो. माझ्याकडे तिची प्रत नव्हती.

सिस्टर परतल्या त्याच आठवड्यात वीटभट्टीवर काम करणारी एक बाई बाळंतपणासाठी आणली गेली. तिला ज्या गटाचे रक्त हवे होते, त्याचे दाते जासईला होते, बेलपाड्याला होते. पण ते कोण, हे सांगणारा संगणक जागेवर नव्हता. रक्त मुंबईहून आले. त्याला पाच तास लागले. ती आई आणि तिचे मूल, दोघे वाचले. हे मी लिहितो आहे ते माझे ओझे हलके व्हावे म्हणून नव्हे. ते वाचले यात माझा काहीही वाटा नाही.

त्याच संध्याकाळी मी मोहल्ल्यातल्या रशीदभाईंच्या घरी गेलो. जिना चढताना वाक्ये जुळवली होती. रशीदभाई खाटेवर बसले होते. नसीमभाभींनी पुढे ठेवलेला चहा तसाच होता. माझ्या तोंडून शब्द निघण्याआधी तेच म्हणाले, "मी बघायला जायला पाहिजे होतं, सुहास. अर्ध्या तासाचा रस्ता. गेलो नाही."  पुढे मागे सांगू, असे मनाशी म्हणालो. भाभी मला म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा यांना. दुपारपासून हेच एक चाललंय." ...आणि मी त्यांना समजावले. चूक कोणाच्याही हातून होते, असे मी, मी त्यांना समजावले.

यादीत दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली : 'हा प्रोग्राम शेवटच्या दिवसापर्यंत वापरात होता. मी पाहायला गेलो नाही. चूक माझी. रशीद.' माझे नाव त्यात कुठेही नव्हते.

मग त्यांनी जे केले ते आठवले, की मान आपोआप खाली जाते. ज्या ज्या ठिकाणी ते आजवर नोंदीसाठी बसून आले होते, त्या सगळ्यांना त्यांनी दाते शोधायला लावले. गेटपास छापणारे, निकाल छापणारे, बर्फाच्या चिठ्ठ्या काढणारे. घराघरांच्या भिंतींवर रक्तदान शिबिरांची प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली असत, ती हे लोक पाहत आणि रशीदभाईंना कळवत. ते स्कूटरवरून जात, त्या माणसाला भेटत, मगच नाव लिहीत. साठी उलटलेला, छातीत एकदा दुखून गेलेला माणूस. पाच महिन्यांत यादी उभी राहिली आणि पहिलीपेक्षा मोठी झाली. प्रोग्राम नव्याने लिहायचा होता, तो त्यांनी फॉक्सप्रोतच लिहायचा ठरवला. मी म्हणालो, आता तरी दुसरे काही घेऊ. "सिस्टरांच्या बोटांना हेच येतं," ते म्हणाले. "घाईच्या वेळी बोटांनीच काम होतं, सुहास, अकलेनं नाही."

त्यासाठी सलग सात रविवार मी त्यांच्याशेजारी बसलो. आयुष्यात इतके जवळ आम्ही क्लासच्या दिवसांतही नव्हतो. ते चुका काढत, टोमणे मारत, "साहेब, मेलेल्या भाषेला ताप आलाय, बघा जरा," असे म्हणून कळफलक माझ्याकडे सरकवत. प्रत्येक रविवारी मी सांगायचे ठरवून जाई आणि प्रत्येक रविवारी जेवून परत येई. काम पुरे झाले. शैला सिस्टरांनी एका खऱ्या गरजेच्या वेळी दाता शोधला, रशीदभाई तिथे बसून होते, आणि नवी नोंद यादीत आली. लिहिणारा, या रकान्यात त्यांनी माझे नाव घातले होते. फक्त माझे.

त्यालाही आता चार वर्षे होतील.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यानंतर सनाने मला बोलावले. यादी पुढे कोणीतरी चालवायला हवी, आणि अब्बांच्या ओळखीत हे काम समजणारा माणूस मीच, असे तिचे म्हणणे होते. ती बोलत असतानाच मी तिला सगळे सांगितले. जे चार वर्षे बापाला सांगता आले नाही, ते मुलीला सांगायला चार मिनिटे लागली. ती रागावली नाही, रडलीही नाही.  शेवटी मीच विचारले, "त्यांना ठाऊक होतं का गं?"

"मला माहीत नाही, काका. संशय आला असेलही. पण तुमच्या मनातलं त्यांनी पाहिलं नव्हतं ना. मग ते लिहिणार कसे?"

मी म्हणालो, ती दुरुस्ती काढून मी खरे काय ते लिहितो. तिने नकारार्थी मान हलवली. "अब्बांनी लिहिलंय ते राहू दे. ते गेले नव्हते, हे खरंच आहे. तुमचं तुम्ही खाली लिहा." त्याप्रमाणे मी खाली लिहिले आहे. पूर्ण नावानिशी. प्रोग्राम चालू असल्याचे ठाऊक असताना मी तो बंद असल्याचे सांगितले, असे. जगभरातून ती यादी वाचणाऱ्यांपैकी काहींनी मला त्यावर पत्रे पाठवली. त्यांतली कठोर पत्रे मी जपून ठेवली आहेत.

सनाने दिलेल्या कागदांत एक जागा पाहायची राहून गेली होती. बेलपाडा. खारघरच्या उंच इमारतींमध्ये हे मूळ गाव अजून आपल्या जागी आहे आणि लग्नकार्यासाठी लागणारे मोठमोठे टोप, पराती, चुली गावकीच्या मालकीच्या आहेत. कोणती भांडी कोणाच्या घरी गेली, याची नोंद एका फॉक्सप्रो प्रोग्रामवर होते, असे रशीदभाईंना कोणीतरी सांगितले होते. गेल्या आठवड्यात मी गेलो. गावकीच्या खोलीत संगणक ठेवलेल्या टेबलामागे कुंदाताई नावाच्या पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितले.

"रशीदभाईंचं मानूस व्हय? ते मना वळखत व्हते," त्या म्हणाल्या. "रगत देनाऱ्यांच्या यादीत माझं नाव हाय. पयली यादी हरवली म्हनून दुसऱ्यांदा लिवून घेतलं त्यांनी. घरी आलेले, हितंच, पाठच्या आळीत. त्या रोजी हे बंद होतं, पावसाचं पानी शिरलेलं. मंग येतो बोलले."

मी उभाच होतो. पहिली यादी हरवली नव्हती, माझ्या खोट्या बोलण्याने गेली, हे मी त्यांना सांगितले. वीटभट्टीवरच्या त्या बाईचेही सांगितले. त्या दिवशी तुम्हाला निरोप आला असता तर तुम्ही किती वेळात पोचला असतात, असे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले.

"रिक्षानं अर्धा तास."

  कुंदाताई मला क्षमा करतील किंवा बाहेर जायला सांगतील, या दोन्हींची मी तयारी ठेवली होती. त्यांनी दोन्ही केले नाही. पायाने एक प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"हे चालू हाय का नाय, त्ये मी सांगनार नाय तुमाला," त्या म्हणाल्या. "पाटलांच्या हलदीला टोप न्याया येतील मानसं. कदी येतील म्हाईत नाय. तवर बसा. बघा, नी मंग लिवा."

मी बसलो. माणसे यायला अडीच तास लागले. पाच टोप, दोन पराती, एक मोठी कढई. निळ्या पडद्यावर कुंदाताईंनी एका बोटाने एकेक अक्षर घातले, छपाईयंत्र करकरले, आणि टेम्पोत भांडी चढू लागली. शेवटचा टोप दोघांनी धरून वर ठेवला. तो नीट बसेपर्यंत मी पाहत राहिलो, आणि मग वही उघडली.